वाटेतलं पार्सल कोणाचं?

पार्सल उशिरा आलं की पहिला फोन कुरिअरला जातो. कुरिअरवाला विक्रेत्याकडे बोट दाखवतो आणि विक्रेता पुन्हा कुरिअरचाच नंबर देतो. या टोलवाटोलवीत मूळ प्रश्न बाजूला पडतो: माल वाटेत असताना त्याची जोखीम कोणाच्या डोक्यावर होती? माझं म्हणणं असं की याचं उत्तर पार्सल निघण्यापूर्वीच ठरवून, लिहून घ्यावं लागतं. निघाल्यावर हातात ट्रॅकिंग नंबर तेवढा उरतो. पार्सल कुठे पोचलं हे त्यावरून समजतं, पण हरवलं तर भरपाई कोण देणार याबद्दल तो काहीच सांगत नाही. मुंबईतल्या दिंडोशीत राहून हे सांगावंसं वाटतं, कारण मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांच्या धडपडीतून उभ्या राहिलेल्या नागरी निवाऱ्याच्या घरांत काय, आसपासच्या चाळींत काय आणि हायवेलगतच्या टॉवरांत काय, घरपोच खरेदी आता रोजची झाली आहे. त्याच घरांतून साड्या, मसाले, फराळ, हातच्या वस्तू व्हॉट्सअॅपवरून विकल्याही जातात. सकाळी जी विक्रेती असते तीच संध्याकाळी गिऱ्हाईक असते, तेव्हा विचार दोन्ही बाजूंनी करायला हवा.

पोस्टावरचा आपला विश्वास जुना आहे आणि तो पोस्टाने मिळवलेला आहे. 1877 मध्ये देशात व्हीपी, म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्ट, सुरू झाली. पुस्तकं, दिवाळी अंक, आयुर्वेदिक औषधं मागवणाऱ्या कितीतरी मराठी घरांना वस्तू हातात आल्यावर पैसे देण्याची सोय पोस्टमनने दिली, तीही आजच्या ‘कॅश ऑन डिलिव्हरी’च्या कितीतरी आधी. पण पोस्टाने कायद्याने स्वतःवर किती भार घेतला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 1898 च्या पोस्ट कायद्याचं सहावं कलम सांगत होतं की टपाल हरवलं, चुकीच्या हाती गेलं, उशिरा पोचलं किंवा मोडलं तरी सरकार जबाबदार नाही. सरकारने स्पष्ट शब्दांत जेवढी जबाबदारी घेतली असेल तेवढीच. 18 जून 2024 पासून लागू झालेल्या 2023 च्या नव्या कायद्यानेही दहाव्या कलमात तीच भूमिका ठेवली आहे. स्पीड पोस्टच्या बाबतीत आजवरचा नियम असा की उशीर झाला तर भरलेलं शुल्क परत, आणि पार्सल हरवलं तर शुल्काच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती. समजा, बारा हजारांची पैठणी 70 रुपये भरून पाठवली आणि ती गहाळ झाली, तर हाती येतील 140 रुपये. हा अन्याय आहे असं अनेकांना वाटेल. मला तसं वाटत नाही. सत्तर रुपये घेणाऱ्याने आत काय आहे हे न विचारता बारा हजारांची हमी द्यावी, असा व्यवहार कुठलीच संस्था फार काळ चालवू शकणार नाही. हमी हवी असेल तर ती वेगळे पैसे देऊन घ्यावी लागते. स्पीड पोस्टला लाख रुपयांपर्यंत विमा उतरवण्याची सोय आहे आणि महागड्या वस्तूला खरं संरक्षण तेवढंच आहे. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. आता पाच रुपये आणि कर भरून नोंदणी करता येते, आणखी तेवढेच भरून ओटीपी सांगितल्यावरच पार्सल देण्याची सोय मिळते. या दोन्ही सोयी घ्याव्यात. मात्र त्यांच्यामुळे पार्सल कोणी घेतलं याचा पुरावा मिळतो, वस्तूची किंमत मिळत नाही, हे लक्षात ठेवावं.

खासगी कुरिअरकडे पैसे जास्त मोजले म्हणून तिथे हक्कही जास्त असतील, ही समजूत फार पसरलेली आहे. 2007 चा रस्ते मालवाहतूक कायदा कुरिअर कंपन्यांनाही लागू आहे आणि त्याखालच्या नियमांनुसार वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते. पाठवणाऱ्याने मालाची किंमत आधी जाहीर करून जादा दर भरला असेल तरच ती वाढते. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल हा 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या बाबतीत प्रत्येक विक्रेत्याने माहीत करून घ्यावा. जर्मनीतल्या ग्राहकाला पाठवलेल्या मालाची कागदपत्रं कुरिअरच्या हातून पोचलीच नाहीत. दुसऱ्या प्रती जाईपर्यंत हंगाम संपला आणि ग्राहकाने ठरल्यापेक्षा बरीच कमी रक्कम दिली. भारती निटिंगने पूर्ण नुकसान मागितलं. पावतीवर जबाबदारीची मर्यादा 100 डॉलर छापलेली होती, खाली सही होती, आणि न्यायालयाने तेवढीच रक्कम ग्राह्य धरली. बारीक टायपातल्या अटी कोणी वाचत नाही, हा आक्षेप खरा आहे, पण सही केलेल्या पावतीपुढे तो सहसा टिकत नाही. म्हणून ‘घोषित किंमत’ हा रकाना रिकामा सोडू नये. भाडं वाचवण्यासाठी त्यात खोटी, कमी रक्कम लिहिणं तर त्याहून वाईट. उद्या भांडायची वेळ आली की आपलंच अक्षर आपल्या विरोधात उभं राहतं.

आता वाटेतल्या जोखमीकडे वळू. कराडजवळच्या ओगलेवाडीचा ओगले काच कारखाना आपल्याकडे प्रभाकर कंदिलांमुळे ओळखला जातो. कायदा शिकणाऱ्यांना तो वेगळ्याच कारणाने ठाऊक असतो. कारखान्याने भारत सरकारला माल पुरवला आणि पैसे मुंबईच्या बँकेवरच्या चेकने पाठवा, असं लिहून कळवलं. चेक दिल्लीहून टपालाने निघाले. पैसे ‘मिळाले’ कुठे, दिल्लीत की औंध संस्थानातल्या ओगलेवाडीत, यावर प्राप्तिकर अवलंबून होता. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की घेणाऱ्याच्या उघड किंवा गर्भित विनंतीवरून टपालाने पाठवलं असेल तर पोस्ट हे घेणाऱ्याचं प्रतिनिधी ठरतं, आणि तशी विनंती नसेल तर ते पाठवणाऱ्याचंच प्रतिनिधी राहतं. तो वाद चेकचा आणि कराचा होता, मालाच्या पार्सलला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी त्यातून मी एक शहाणपण घेतो: मार्ग कोणी निवडला याला कायद्यात वजन असतं. ‘साध्या पोस्टाने पाठवा, कुरिअरचे पैसे वाचतील’ असा मेसेज गिऱ्हाईक जेव्हा करतं, तेव्हा ते पैशांबरोबर जोखीमही स्वतःकडे ओढून घेत असतं. आणि विक्रेत्याने आपल्या सोयीने स्वस्तातला मार्ग निवडला असेल तर त्याला पुढे हात वर करता येऊ नयेत. 1930 च्या मालविक्री कायद्याचं 39 वं कलम याच दिशेने जातं. वाहतूकदाराकडे माल सोपवणं म्हणजे सकृद्दर्शनी गिऱ्हाइकाला देणंच, हे ते मान्य करतं. पण वाहतुकीचा वाजवी करार करण्याचं कर्तव्य ते विक्रेत्यावर टाकतं, आणि त्यात हयगय होऊन माल बुडाला तर गिऱ्हाईक ‘मला माल मिळालाच नाही’ असं म्हणू शकतं.

‘कुरिअरकडे दिलं की माझं काम संपलं’ असं म्हणणाऱ्या विक्रेत्यांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरचा विक्रेता, दिलेल्या मुदतीनंतर माल पोचल्यास तो परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देऊ शकत नाही. सवलत आहे ती अटळ आपत्तीपुरती. मुंबईत या सवलतीचा आसरा दर पावसाळ्यात घेतला जातो. 26 जुलै 2005 च्या महापुराचा दिवस अटळ आपत्तीच होता, त्याबद्दल दुमत नाही. पण जुलैत मुंबईत मुसळधार पाऊस पडणार आणि सबवेत पाणी साचणार हे शाळकरी पोरालाही ठाऊक असताना जूनमध्येच दोन दिवस वाढवून तारीख का देऊ नये? दरवर्षी येणारी अडचण मुदत ठरवतानाच धरायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र हे नियम धंदा म्हणून नियमित विकणाऱ्यांसाठी आहेत. शेजारच्या इमारतीतल्या कोणी आपला जुना फोन एकदाच विकला तर ते लागू होत नाहीत. तिथे भिस्त 1872 च्या करार कायद्यावर.

या जुन्या कायद्यातली एक तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि बहुतेक गिऱ्हाइकं नेमकी तीच घालवून बसतात. 55 वं कलम म्हणतं की वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि ती टळली, तर करार मोडण्याचा हक्क मिळतो. पण उशिरा आलेली वस्तू स्वीकारलीत आणि ‘उशिराबद्दल भरपाई मागण्याचा हक्क राखून घेतो आहे’ असं तेव्हाच कळवलं नाहीत, तर पुढे भरपाई मागता येत नाही. म्हणून ऑर्डर देतानाच लिहावं: ‘गणपतीचं मखर चतुर्थीच्या दोन दिवस आधी हवं, नंतर आलं तर उपयोग नाही.’ प्रयोजन आणि तारीख समोरच्याला आधी कळलेली असली की 73 व्या कलमाखाली नुकसान मागणंही सोपं जातं. आणि पार्सल उशिरा दारात आलं, घ्यायचंच ठरवलं, तर त्याच वेळी एका ओळीचा मेसेज करावा. तीनशे रुपयांच्या वस्तूला एवढी लिखापढी कशाला, असं कोणी विचारेल. या दोन्ही मेसेजांना मिळून दोन मिनिटंही लागत नाहीत. शिवाय तारीख लिहून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला चांगला विक्रेता न जमणारी तारीख देतच नाही, त्यामुळे भांडण मुळातच टळतं. राहिला डिलिव्हरी करणारा मुलगा. पाठीवर पोतं घेऊन चढ चढणाऱ्या त्या पोराने तारीख दिलेली नसते. राग त्याच्यावर काढू नये. पण दारात पार्सल नसताना त्याला फोनवर ओटीपीही सांगू नये, कारण ओटीपी गेला की माल मिळाल्याची नोंद होते. वॉचमनकडे पार्सल ठेवायचं असेल तर तशी संमती लेखी द्यावी, नाहीतर नको म्हणून कळवावं.

उशिराचं एक कारण आपल्याच हातात असतं, ते म्हणजे पत्ता. दिंडोशीचा पत्ता कोणी मालाड पूर्व लिहितो, कोणी गोरेगाव पूर्व. 400097, 400063 आणि 400065 हे तीन पिनकोड जवळजवळच्या रस्त्यांवर वावरतात. पिनकोडची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून 15 ऑगस्ट 1972 पासून सुरू झाली, ती सारख्या नावांचा आणि निरनिराळ्या लिप्यांतल्या पत्त्यांचा घोळ मिटवण्यासाठी. चुकीचा पिन लिहून आपण तो घोळ परत आणतो, आणि मग उशिराचा दोष विक्रेत्यावर टाकता येत नाही.

परदेशी पार्सलांना तर वेगळाच धोका असतो. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने लहान पार्सलांची शुल्कमाफी काढून घेतली, भारतीय टपाल खात्याने तिकडची पार्सल सेवा थांबवली आणि ती 15 ऑक्टोबरला, दिवाळीच्या जेमतेम आठवडाभर आधी, पुन्हा सुरू झाली. फराळाची आगाऊ रक्कम घेऊन बसलेल्या घरगुती विक्रेतीचा यात काय दोष? काहीच नाही. पण सेवा बंद पडली तर पैसे परत की खासगी कुरिअरने पाठवणी, आणि वरचा खर्च कोणाचा, एवढं ऑर्डर घेतानाच तिने लिहिलेलं असावं.

सगळं करूनही बिनसलंच, तर आधी संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहावं. त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. सल्ल्यासाठी 1975 पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहेच. शेवटी ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे विक्रेता सुरतेचा असला तरी दिंडोशीकराला वांद्र्याच्या उपनगर जिल्हा आयोगापलीकडे जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. विक्रेत्यांनाही हे दार पूर्ण बंद नाही. धंद्यासाठी सेवा घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, हा कुरिअर कंपन्यांचा ठरलेला बचाव असतो; पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी विकत घेतलेला माल त्याच कायद्याने त्यातून वगळला आहे; सेवेचा उल्लेख त्यात नाही, म्हणून तोच न्याय सेवेलाही लावा, असं मांडावं लागतं. घरून मसाले विकणाऱ्या बाईने आपला उद्योग स्वतः चालवत असल्याचे साधे कागद, बँकेचं पासबुक, ऑर्डरची वही, कुरिअरच्या पावत्या, एका फाइलीत जपून ठेवावेत. आयोगापुढे तिला पहिल्यांदा हेच सिद्ध करावं लागेल.