छायाचित्र हाही दाखलाच
मुळशीच्या उजेडात डिजिटल छायाचित्रणाचे पहिले धडे

गावातील एखादी वृद्ध व्यक्ती निवर्तली की दहाव्याच्या आत घरातील कोणीतरी जवळच्या बाजारगावातील फोटो स्टुडिओची पायरी चढते. हातात मतदार ओळखपत्र असते आणि मागणी ठरलेली असते : यावरून भिंतीवर लावण्याजोगा मोठा फोटो करून द्यावा. ओळखपत्रावरील चित्र अंगठ्याच्या पेराएवढे. ते मोठे केले की डोळ्यांचे दोन काळे ठिपके होतात आणि टोपीची कड मागच्या भिंतीत विरून जाते. मग स्टुडिओचालक संगणकावर नवे डोळे, नवा सदरा, निळी पार्श्वभूमी भरतो. तसबीर घरी येते, हारही चढतो. परंतु ‘हे काही आमच्या आजोबांसारखे दिसत नाहीत’ असे घरातील लहान मूल बोलून जाते. ज्या घरात तीन-चार मोबाईल आहेत, त्या घरातील वडीलधाऱ्याचे एकही धड छायाचित्र ऐंशी वर्षांत निघालेले नसते.

छायाचित्रणाच्या शिक्षणाचा विचार येथून सुरू करणे योग्य होय; कारण खेड्यात छायाचित्र ही हौसेची बाब राहिलेली नाही. मुळशी तालुक्याचेच उदाहरण घ्यावे. पूर्वेस हिंजवडी-माणचे संगणक उद्योग, मध्ये पौड हे तालुक्याचे ठाणे, पश्चिमेस ताम्हिणीचा घाट व भाताची खाचरे, असा हा तालुका. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपल्या पिकाचे छायाचित्र स्वतः मोबाईलवर घेऊन पाठवावयाचे असते व त्यावरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद होते. घरकुलाचे हप्ते बांधकामाच्या टप्प्याटप्प्याच्या, ठिकाणाची नोंद असलेल्या छायाचित्रांशी जोडले गेले. रोजगार हमीच्या कामांवर मजुरांची हजेरी छायाचित्रासह नोंदविणे जानेवारी २०२३ पासून बंधनकारक करण्यात आले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयास राज्यांच्या निदर्शनास आणावे लागले की, या हजेरीत कामाशी संबंध नसलेली छायाचित्रे, इतकेच नव्हे तर छायाचित्राचेच काढलेले छायाचित्र, चढविले जात आहे. दाखला खोटा निघाला तर त्याचा भार अखेर खऱ्या मजुरावर पडतो. ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना हे तंत्र थोडेफार अवगत असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

यंत्राची निवड

डिजिटल कॅमेऱ्याचा जन्म १९७५ चा. अमेरिकेतील कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी तयार केलेल्या त्या यंत्राचे वजन साडेतीन किलोंहून अधिक होते. ते अवघ्या दहा हजार ठिपक्यांचे कृष्णधवल चित्र घेई आणि ते कॅसेटवर उतरविण्यास तेवीस सेकंद लावी. आज खिशातील साध्या मोबाईलमध्ये एक कोटी वीस लाख ठिपके, म्हणजे बारा मेगापिक्सेल, सहज असतात. फिल्मच्या जागी आलेला भाग म्हणजे संवेदक. प्रकाशकण संवेदकावर पडले की त्यांचे विद्युतभारात रूपांतर होते व त्या भाराचे आकडे होऊन ते साठविले जातात. पूर्वीचा रोल छत्तीस चित्रांत संपत असे आणि धुऊन येईपर्यंत चूक कळत नसे. आता चूक तत्काळ दिसते व पुन्हा चित्र घेण्यास खर्च येत नाही. शिकणाऱ्यास याहून मोठी सवलत नाही.

दुकानात गेल्यावर मात्र मेगापिक्सेलच्या आकड्यास भुलू नये. सहा बाय चार इंचांची उत्तम छपाई हवी असल्यास इंचास तीनशे ठिपके या हिशेबाने १८०० × १२०० ठिपके, म्हणजे सुमारे बावीस लाख, पुरतात. बारा मेगापिक्सेलचे चित्र त्याच हिशेबाने तेरा बाय दहा इंचांपर्यंत नेता येते. भिंतीवरील तसबिरीस तेवढे पुष्कळ झाले. खरा फरक पडतो तो संवेदकाच्या आकाराने. मोठ्या व्यावसायिक कॅमेऱ्यातील संवेदक जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, ३६ × २४ मिलिमीटरचा असतो. सर्वसाधारण मोबाईलमधील संवेदक करंगळीच्या नखात मावतो. अंगणात पाऊस चालू असता परात ठेवावी की वाटी, असाच हा प्रश्न आहे. भर उन्हात वाटीही भरते; तिन्हीसांजेला परातच लागते. म्हणून दिवसाउजेडी पंचनामा, पीक, बांधकाम यांची चित्रे घेणाऱ्यास हातातील मोबाईल पुरेसा आहे. शाळेस अथवा ग्रामपंचायतीस व्यक्तिचित्रे, सभा व कार्यक्रम यांसाठी यंत्र घ्यावयाचेच असेल, तर भिंग बदलता येणारा, मध्यम आकाराच्या संवेदकाचा साधा कॅमेरा घ्यावा. तो वापरलेला असला तरी हरकत नाही, परंतु भिंग उजेडाकडे धरून आत बुरशीचे जाळे नाही ना हे पाहावे. मुळशीसारख्या पावसाच्या मुलखात हा इशारा पोकळ नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कॅमेरा चामड्याच्या पिशवीत कोंडून कपाटात ठेवला तर दिवाळीला भिंगावर कोळ्याच्या धाग्यासारखी बुरशी दिसते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह तो ठेवावा, आणि मधून मधून उन्हाळी दिवसांत भिंगास उजेड दाखवावा.

प्रकाशाचा हिशेब

प्रत्येक चित्रास लागणारा प्रकाश तीन गोष्टींनी ठरतो. भिंगाचे छिद्र किती मोठे, शटर किती वेळ उघडे आणि संवेदकाची प्रकाशग्रहणशक्ती, जिला आयएसओ म्हणतात, किती वाढविलेली. छिद्र मोठे केले की चेहरा स्पष्ट राहून मागचे दृश्य पुसट होते. शटर संथ ठेवले तर चालता माणूस फराट्यासारखा उमटतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी सेकंदाच्या साठाव्या भागाहून संथ जाणे नवशिक्याने टाळावे. आयएसओ वाढवावा तसतसे चित्रात रवाळ ठिपके दिसू लागतात. एक घटक बदलला की दुसऱ्याने त्याची भरपाई करावयाची, एवढेच यातील शास्त्र. मोबाईल हा हिशेब आपणच करतो, आणि नेमका तेथेच तो फसतो.

कारण यंत्रास समोर काय आहे ते कळत नाही. समोरचे सारे जग सरासरीने मध्यम राखाडी आहे, असे धरून कॅमेऱ्याचा प्रकाशमापक चालतो. उन्हाने रापलेला, सावळ्या वर्णाचा शेतकरी पांढरी टोपी व पांढरा सदरा घालून समोर उभा राहिला की मापकास पांढरेच फार दिसते. तो प्रकाश कमी करतो. टोपी राखाडी होते आणि टोपीखालील चेहऱ्यावर काळोख पडतो. कधी याच्या उलट घडते, चेहरा दिसतो व टोपीची घडी पांढऱ्या डागात नाहीशी होते. तहसील कार्यालयात जमा होणाऱ्या कितीतरी छायाचित्रांतील माणसे ओळखू येत नाहीत, याचे कारण बहुधा एवढेच असते. उपाय अगदी सोपा आहे. मोबाईलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे, म्हणजे मापन चेहऱ्याचे होते. मग बाजूस दिसणारी सूर्याची खूण वर-खाली सरकवून टोपीची घडी दिसेल इतपत प्रकाश बेताचा करावा. धुक्याचेही असेच. श्रावणात ताम्हिणीच्या वाटेवर घेतलेले पांढरे धुके चित्रात मळकट उतरते. तेथे प्रकाश मुद्दाम एक पायरी वाढवावा लागतो.

व्यक्तिचित्रास सर्वांत चांगला उजेड कोठे मिळतो, असे विचारल्यास उत्तर आहे : पडवीत. भर दुपारच्या अंगणात भुवयांची सावली डोळ्यांवर पडते व माणूस डोळे किलकिले करतो. त्यालाच पडवीच्या कडेला, तोंड अंगणाकडे करून बसविले की आकाशाचा मऊ उजेड चेहऱ्यावर पसरतो आणि बाहुल्यांत उजेडाचा एक लहानसा कवडसा दिसतो. त्या कवडशाने चेहऱ्यात जीव येतो. पावसाळी ढगाळ दिवसही उत्तम. मुळशीत असे दिवस चार महिने फुकट मिळतात. फ्लॅश शक्यतो टाळावाच.

माणसाचा चेहरा

नवशिक्याची मोठी चूक म्हणजे मोबाईल चेहऱ्याच्या फार जवळ नेणे. हातभर अंतरावरून घेतलेल्या चित्रात नाक मोठे व कान मागे गेलेले दिसतात. हा दोष भिंगाचा नव्हे, अंतराचा आहे. दीड ते दोन मीटरवर उभे राहावे; मोबाईलमध्ये दुप्पट भिंगाची सोय असल्यास ती वापरावी; कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणावा. त्यासाठी घेणाऱ्याने वाकावे अथवा जमिनीवर बसावे. बाजेवर बसलेल्या आजीचे चित्र उभ्याने, वरून घेणे हे तिचा अदब सांभाळण्याच्या दृष्टीनेही बरे नव्हे.

परवानगी घ्यावी, चित्र कशासाठी हवे ते सांगावे. कामाचे छायाचित्र झाल्यावर दोन मिनिटे थांबून, गप्पा मारीत, आणखी एक चित्र घ्यावे. पहिल्या चित्रात माणूस श्वास रोखून, कार्यालयासमोर हजर झाल्यासारखा उभा असतो; दुसऱ्यात तो स्वतःसारखा दिसतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आपापल्या घरातील आजी-आजोबांची अशी चित्रे घेण्याचा गृहपाठ द्यावा. एका वर्षात त्या वाडीतील एकही वृद्ध मतदार कार्डावरील चित्रावर अवलंबून राहणार नाही. हात दिसतील असे एखादे चित्र अवश्य असावे; भात लावणाऱ्या हातांची बोटे चेहऱ्याइतकीच ओळखीची असतात.

टचिंग : किती आणि कोठवर

चित्र सुधारण्याची कला डिजिटल युगाने आणलेली नाही. काचेच्या निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीने सुरकुत्या भरून काढणारे व कृष्णधवल छपाईवर कुंचल्याने गालांची लाली आणि साडीचे काठ रंगविणारे कारागीर जुन्या स्टुडिओंत असत. त्यांच्या हाताला वेळ लागे, म्हणून मर्यादाही असे. आता बोटाच्या एका स्पर्शाने वीस वर्षे पुसली जातात. कित्येक मोबाईलमध्ये ‘सौंदर्य’ नावाची सोय आरंभापासूनच चालू असते. ती न विचारता कातडी गुळगुळीत करते, वर्ण उजळते, हनुवटी निमुळती करते. शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी ती शोधून बंद करावी.

त्यानंतर काम क्रमाने करावे. मूळ चित्राची प्रत वेगळी ठेवून दुसऱ्या प्रतीवरच हात चालवावा. प्रथम चौकट कापून सरळ करावी. मग रंगांचा तोल पाहावा. निळ्या प्लास्टिकच्या छपराखाली घेतलेल्या चित्रात चेहरा निळसर येतो, तो ठीक करण्यासाठी सदऱ्याचा पांढरा भाग पांढरा दिसेपर्यंत सरकपट्टी हलवावी. चेहऱ्याच्या काळोख्या भागास थोडा उजेड द्यावा. शेवटी डाग पुसण्याचे साधन घ्यावे. येथे एक कसोटी उपयोगी पडते : महिन्याभरात आपोआप जाणारी गोष्ट पुसण्यास हरकत नाही, कायमची गोष्ट पुसू नये. कालची पुटकुळी, चिखलाचा शिंतोडा, डोळ्यावर आलेला केस हे पुसावे. जखमेचा व्रण, गोंदण, देवीचे वण आणि सुरकुत्या तशाच राहाव्यात; फार तर सुरकुत्यांची खोली किंचित हलकी करावी. वर्ण उजळणे ही सुधारणा नव्हे, ती चूक आहे. रापलेल्या चेहऱ्यास मुंबईच्या जाहिरातीतील गोरेपणा देऊन कोणाचाही सन्मान होत नाही.

हे झाले घरच्या तसबिरीपुरते. शासकीय कामाच्या छायाचित्रास टचिंग मुळीच करू नये. घरकुलाच्या भिंतीवरील भेग, पिकातील पिवळेपणा, हजेरीच्या चित्रातील माणसांची संख्या यांत अणुमात्र बदल करणे म्हणजे दाखल्यात खाडाखोड करणे होय. पारपत्रासारख्या ओळखीच्या कागदांसही चेहऱ्यात फेरफार केलेले चित्र चालत नाही.

जतन

प्रत्येक डिजिटल चित्रात तारीख, वेळ आणि सोय चालू असल्यास ठिकाणही आपोआप नोंदले जाते. परंतु तेच चित्र व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठविले की ही नोंद गळून जाते व ठिपकेही कमी होतात. तक्रारीच्या वा नुकसानभरपाईच्या प्रकरणी नेमकी तीच नोंद कामी येते. म्हणून चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे आणि मूळ प्रत मोबाईलखेरीज आणखी दोन ठिकाणी ठेवावी. नावात गाव, विषय व तारीख लिहावी. ‘नवीन’, ‘नवीन २’ अशा नावांनी भरलेले संगणक ग्रामपंचायतीत थोडे नाहीत.

या तालुक्यास नोंदीचे मोल वेगळे सांगावयास नको. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तो तीन वर्षे चालला. पुढे धरण पूर्ण झाले आणि मुळा खोऱ्यातील गावे जलाशयाखाली गेली. त्या वेळी कॅमेरा शहरातील स्टुडिओत, काचेच्या पट्ट्यांसह, तिवईवर उभा असे; घर सोडणाऱ्या शेतकऱ्यास आपल्या उंबऱ्याचे चित्र बरोबर नेण्याची सोय नव्हती. आज रस्ता रुंद होतो, वाडा उतरवितात, शाळेची जुनी कौलारू इमारत पाडून नवी उभी राहते. काम सुरू होण्यापूर्वी त्या जागेची चारही बाजूंनी चित्रे घेऊन दप्तरी ठेवण्यास ग्रामपंचायतीला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणार नाही.

आणि निवडक चित्रे कागदावर छापून घ्यावीत. मोबाईल पाण्यात पडतो, हरवतो, बदलतो. छपाई फोटोच्या कागदावर करावी. चौकट करताना काच व चित्र यांच्यामध्ये पुठ्ठ्याची पातळ कड ठेवण्यास सांगावे, नाहीतर दमट हवेत चित्र काचेला चिकटते व सोडविताना फाटते. मुळशीकडे पश्चिमेची भिंत पावसात ओल धरते. तसबीर त्या भिंतीवर न लावता आतल्या, चुलीच्या बाजूच्या कोरड्या भिंतीवर, पण धुरापासून दूर लावावी.