आयनिक लिक्विड : 'ग्रीन' म्हणजे नेमकं किती ग्रीन?

मेसमधलं मीठ वितळवायचं तर ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पण काही क्षार १०० अंशांच्या आतच वितळतात. त्यांना आयनिक लिक्विड म्हणतात. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये वर्णन केलेल्या इथाइलअमोनियम नायट्रेटचा द्रवणांक जेमतेम १२ अंश आहे. कारण सोपं आहे. आयन मोठे आणि बेढब असले की स्फटिकात घट्ट बसत नाहीत.

टोल्युइनची बाटली उघडली की लॅबभर वास सुटतो. आयनिक लिक्विडची मात्र खोलीच्या तापमानाला जवळजवळ वाफच होत नाही. म्हणून ते 'ग्रीन सॉल्व्हंट' ठरले.

आता पॉलिमरकडे वळू. साध्या फ्री रॅडिकल पद्धतीत साखळ्या कशाही वाढतात, एक लांब तर दुसरी आखूड. १९९५ मध्ये पुढे आलेल्या 'अॅटम ट्रान्सफर' पद्धतीत तांब्याचा कॅटॅलिस्ट साखळीच्या टोकावरचा हॅलोजन अणू काढतो आणि परत बसवतो. साखळी बहुतेक वेळ 'झोपलेली' राहते. त्यामुळे सगळ्या साखळ्या साधारण सारख्या लांबीच्या होतात. अडचण एवढीच की तांबं पॉलिमरमध्ये अडकतं आणि ते काढणं जिकिरीचं असतं.

२००० साली हॅडलटन आणि सहकाऱ्यांनी मिथाइल मेथाक्रिलेटचं हे पॉलिमरायझेशन ब्युटाइल-मिथाइल-इमिडॅझोलियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट या आयनिक लिक्विडमध्ये केलं. क्रिया इतर ध्रुवीय द्रावकांपेक्षा वेगाने झाली. साध्या द्रावकाने धुतल्यावर जवळजवळ तांबंविरहित पॉलिमर हाती आलं. खरा फायदा आहे तो इथे, नुसता वास न येण्यात नाही.

पण थांबा! धुवायला शेवटी दुसरा द्रावक लागलाच. शिवाय हेच हेक्साफ्लुओरोफॉस्फेट पाण्याच्या संपर्कात विघटित होऊन हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार करू शकतं, हे २००३ मध्ये रॉजर्स यांच्या गटाने दाखवून दिलं. हे आम्ल काच खातं, मग हाताची काय कथा! आणि काही आयनिक लिक्विड कमी दाबाखाली तापवून चक्क डिस्टिलही करता येतात, हे २००६ मध्ये सिद्ध झालं.

तेव्हा प्रोजेक्टच्या रिपोर्टात 'ग्रीन' लिहिण्याआधी चार प्रश्न विचारा. हा द्रव बनवताना काय काय वापरलं? तो किती वेळा परत वापरता येतो? पॉलिमर कशाने धुतलं? आणि पाणी लागलं तर काय होईल? उत्तरं समाधानकारक असतील, तरच तो शब्द लिहा.