साखळी? पुढच्या सीझनला बघू!

"भाऊ, साखळी ताणायी गयी. आते बदली टाका," धुळ्याहून आलेल्या मिस्त्रीने फोर्कलिफ्टखालून डोकं काढत सांगितलं, तेव्हा दसरा तोंडावर होता. पारोळा परिसरातल्या एका जिनिंग-प्रेसिंगचे हिशेब प्रस्तुत लेखकाकडे होते. साखळीच्या जोडीची किंमत रुईच्या एका गाठीहूनही कमी होती. तरी कोटेशनवर त्याने तीनच शब्द लिहिले : पुढच्या सीझनला बघू.

हा निव्वळ कंजूषपणा नव्हता. खान्देशातल्या जिनिंगवाल्याला ही कोंडी पाठ असते. कापूस घेऊन आलेला शेतकरी गाडी रिकामी झाली की पैसे मागतो आणि ते रास्तच आहे; गाठींचे पैसे मात्र मागाहून येतात. त्यामुळे दसऱ्याला हाताशी असलेली सगळी रोकड खरेदीसाठी राखून ठेवतात. पावसाळ्यात दुरुस्तीला सवड असते, पैसा नसतो. सीझनमध्ये पैसा फिरतो, पण मशीन दोन तास थांबवायचं म्हटलं की सगळ्यांच्या कपाळावर आठ्या.

साखळी काही एकटी नव्हती. हॉर्न सहा महिने मुका होता. ड्रायव्हर "ए, बाजू!" असं ओरडून वेळ मारून नेई आणि प्रेसच्या आवाजात ते कुणाला ऐकू जात नसे. सीटबेल्टचं बक्कल कधीच गळून पडलं होतं.

पौषातल्या एका संध्याकाळी ट्रक भरताना दोनपैकी एक साखळी तुटली. काट्यांवर दोन गाठी होत्या, प्रत्येकी साधारण 170 किलोच्या. कॅरेज तिरकं झालं, वरची गाठ सुटली आणि खालून जाणाऱ्या हमालाच्या पायावर आली. घोट्याखालची हाडं चुरली. दवाखाना, खोळंबलेल्या ट्रकचं भाडं, बंद पडलेली प्रेस या सगळ्याच्या नोंदी याच हिशेबनिसाने वहीत केल्या. तो हमाल पुन्हा ओझं उचलू शकला नाही. ती नोंद कोणत्या खात्यात घालायची?

साखळी मोजायला इंजिनिअर लागत नाही. नवी असताना 300 मिलिमीटर भरणारा तुकडा 309 भरला, म्हणजे तीन टक्के ताणला, की तिचं आयुष्य संपलं. काट्यांचंही तसंच. टाचेपाशी जाडी 10 टक्के झिजली, 40 मिलिमीटरची 36 झाली, की वजन पेलण्याची ताकद साधारण 20 टक्क्यांनी घटते. असा काटा गावातल्या वेल्डरकडून भरून घेणं म्हणजे दुखणं झाकणं. पोलादाला दिलेलं पाणी त्या उष्णतेने उतरतं. होजमधून तेल गळत असेल तर हात लावून शोधू नये, पुठ्ठा फिरवावा. दाबाखालची बारीक चिळकांडी कातडीत घुसते. आणि मशीन कलंडू लागलं तर उडी मारायची नाही, हा धडा ड्रायव्हरच्या अंगवळणी पाडावा लागतो : बेल्ट लावलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावं, कलंडण्याच्या उलट बाजूला झुकावं.

1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 29 ने वजन उचलणाऱ्या यंत्रांची, साखळ्यांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी बंधनकारक केली. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेचा नियम त्याहून कडक, वापरण्याआधी रोज पाहणी सांगणारा. आपल्याकडे वर्षाचा कागद बहुधा फाइलीत नीट लावलेला असतो. रोजचं पाहणं राहून जातं, आणि त्याला तर पैसेही लागत नाहीत.

हात आखडता असेल तर काय पुढे ढकलायचं, हे तरी शहाणपणाने ठरवावं. रंग, सीटचं कव्हर, चेपलेला पत्रा वर्षभर थांबतील. ब्रेक, स्टिअरिंग, साखळी, काटे, होज, हॉर्न आणि बेल्ट थांबणार नाहीत. जिनिंगमध्ये या यादीत सायलेन्सरवरचा ठिणगीरोधकही धरावा, भोवती रुई असते.

पैशाची तोड प्रस्तुत लेखकाला उशिरा सुचली. सीझनमध्ये बांधलेल्या प्रत्येक गाठीमागे थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची आणि आषाढात मिस्त्रीला बोलवायचं. त्या खात्याला कापूस खरेदीसाठी तो हात लावू देत नाही; मालकाने दोनदा मागूनही पैसे दिले नाहीत. आता ड्रायव्हर सकाळी चावी घेण्याआधी वहीत लिहितो. परवाची नोंद होती : "ब्रेक ठीक. हॉर्न ठीक. डाव्या होजला तेल." दुपारपर्यंत मशीन उभं राहिलं, बाहेर तीन ट्रक खोळंबले आणि ट्रकवाल्या ड्रायव्हर लोकांनी यथेच्छ शिव्या घातल्या.