बीबी, बेगम, खातून

सोलापूरचा भुईकोट किल्ला आपण पाहिला असेल. सिद्धेश्वराच्या तळ्याला लागूनच आहे. हा किल्ला एकदा हुंड्यात दिला होता. ऐकून नवल वाटेल, पण गोष्ट खरी आहे.

त्या काळी उत्तरेला अहमदनगरची निजामशाही होती. ते गाव म्हणजे आजचं अहिल्यानगर. दक्षिणेला विजापूरची आदिलशाही. सोलापूर दोघांच्या मधोमध. १५२४ साली विजापूरच्या मरियमचं लग्न नगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झालं. हुंड्यात सोलापूर द्यायचं ठरलं, पण दिलं नाही. त्यापायी पुष्कळ लढाया झाल्या. पुढे किल्ला नगरकरांकडे गेला. मग १५६५ च्या तालिकोटच्या लढाईआधी पुन्हा सोयरीक जुळली. नगरची चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशहाला दिली. सोबत हुंडा म्हणून सोलापूर दिलं. किल्ला लेकीच्या नावानं गेला, पण किल्ल्या गेल्या नवऱ्याच्या हाती!

आता हे 'बीबी' काय आहे, ते पाहू. बीबी म्हणजे बाईसाहेब. तुर्की भाषेत सरदाराला बेग म्हणत. त्यावरून बाईला बेगम. खानावरून खानम. खातून हा मान खानाच्या राणीचा. मंगोलांची तोरेगेने खातून हिनं नवऱ्यामागे १२४१ ते १२४६ एवढं मोठं राज्य सांभाळलं. दिल्लीची रझिया तर १२३६ साली स्वतः सुलतान होऊन तख्तावर बसली.

पण पदवी मिळाली म्हणून सत्ता मिळतेच असं नाही. चांदबीबीचंच बघा. १५८० साली नवरा गेला. गादीवर नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहीम बसला. त्याच्या वतीनं ती कारभार पाहू लागली. किश्वरखान नावाच्या सरदाराला हे खपलं नाही. त्यानं तिला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. पदवी तीच होती, पण दाराला बाहेरून कुलूप! किश्वरखान पळाला, तेव्हा ती सुटली.

पुढे ती माहेरी नगरला आली. १५९५ साली अकबराचा मुलगा मुराद फौज घेऊन नगरवर चालून आला. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. एक उडाला आणि तटाला खिंडार पडलं. चांदबीबी हाती तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली. तिला पाहून शिपायांना धीर आला. रातोरात तट बांधून काढला. १५९६ साली तह झाला. वऱ्हाड द्यावं लागलं, पण नगर वाचलं.

मोगल पुन्हा आले. टिकाव लागत नाही, असं पाहून तिनं बोलणी करायचं ठरवलं. ती फितूर झाली, अशी आवई उठली. कोणी शहानिशा केली नाही. १६०० साली तिच्याच माणसांनी तिला मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

आज आपल्या गावातही सरपंचबाई असतात. तो मान आहे. पण शिक्का कुणाच्या हाती? कागद वाचतं कोण? बायांनो, कागद स्वतः वाचा, मगच सही करा. आणि गावकऱ्यांनो, आवईवर विश्वास ठेवू नका.

शब्दार्थ
सोयरीक – लग्नाचं नातं
खिंडार – भिंतीला पडलेलं भगदाड
आवई – खोटी बातमी
शहानिशा – खऱ्याखोट्याची चौकशी

सांगा पाहू
१. सोलापूरचा किल्ला कुणाच्या लग्नात दिला?
२. चांदबीबीला कैद कुठे केलं होतं?
३. तुमच्या घरी जमिनीच्या कागदावर कुणाकुणाची नावं आहेत? वाचून पाहा.