फी कोण माफ करतंय, ते आधी विचारा

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की भंडाऱ्याच्या कोर्टात माझ्याकडे पक्षकारांशिवाय आणखीही माणसं येतात. लाखनी, साकोली, पवनी, लाखांदूरकडचे आईवडील, सोबत मुलगा नाहीतर मुलगी. "मॅडम, एक कॉलेज फी माफ करतो म्हणते. नाव काही मोठं नाही. घ्यायची का ॲडमिशन?" मी उलट विचारते, फी कोण माफ करतंय? सरकार की कॉलेज?

मी एलएलबीला प्रवेश घेतला तेव्हा हा फरक समजावून सांगणारं आमच्या गावात कोणी नव्हतं. वडील धानाचे शेतकरी. एमएच-सीईटी लॉमध्ये मला बरे मार्क होते आणि नागपुरात चांगल्या कॉलेजात नंबर लागेल असं दिसत होतं, पण खोली, मेस आणि येण्याजाण्याचा खर्च घराला जड होता. तेवढ्यात एका खाजगी कॉलेजची माणसं घरी आली. कॅप राउंडच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, भानगडीत कशाला पडता, थेट आमच्याकडे या, शंभर टक्के स्कॉलरशिप देतो, हजेरीचंही पाहून घेऊ, असं म्हणाली.

पहिल्या वर्षी खरंच फी घेतली नाही. दुसऱ्या वर्षी ऑफिसात सांगितलं, ही सवलत साठ टक्क्यांच्या वर असणाऱ्यांना आहे. कायद्याच्या पेपरात साठ टक्के काढणारे वर्गात मोजकेच असतात. ही अट कुठल्याच कागदावर नव्हती, कारण आम्हाला कागदच दिलेला नव्हता. मग सरकारी सवलतीचा अर्ज भरायला गेले. तेव्हा ओबीसी विद्यार्थ्यांना निम्मं शिक्षण शुल्क माफ होतं. पण माझा प्रवेश कॅपमधून झालेला नव्हता, त्यामुळे तोही दरवाजा बंद. टीसी आणि मूळ गुणपत्रिका कॉलेजच्या कपाटात. अर्ध्यात कॉलेज बदलणं म्हणजे वर्ष वाया जाण्याची भीती. बाबांनी सोसायटीचं पीककर्ज थकीत ठेवलं आणि माझी फी भरली. शंभर टक्के स्कॉलरशिपचा शब्द देऊन गेलेल्या त्या माणसांवरचा माझा राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगते. सरकारची शिष्यवृत्ती विद्यार्थ्याची असते, तर कॉलेजची सवलत कॉलेजच्या मर्जीची असते. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून मिळणारी भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, फ्रीशिप, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, या मान्यताप्राप्त कॉलेजात कॅपमधून गेलात तर तुमच्यासोबत येतात. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांपर्यंत असेल तर. मग कॅपमध्ये नंबर लागणाऱ्या मुलीला चांगल्या कॉलेजातही हे शुल्क भरायचं नाही आणि कमी दर्जाच्या कॉलेजातही नाही. अशा वेळी केवळ "फ्री" म्हणून हलकं कॉलेज निवडण्यात काय अर्थ? फक्त एवढं पाहा की व्यवस्थापन कोट्यातला प्रवेश आणि खाजगी विद्यापीठं या माफीत बसत नाहीत. नेमक्या याच दोन ठिकाणांहून "स्कॉलरशिप"चे फोन जास्त येतात.

राहण्याजेवणाचा प्रश्न फीपेक्षा मोठा आहे, हे मला मान्य आहे. त्यासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना स्वाधार, आदिवासींना स्वयम् आणि ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांना या योजनांतून पैसे मिळतात. पैसे उशिरा येतात, म्हणून पहिल्या काही महिन्यांची सोय आधी करून ठेवावी लागते.

आता कॉलेजच्या नावाबद्दल. भंडाऱ्याच्या कोर्टात उभं राहिल्यावर तुमची पदवी कुठली, हे न्यायाधीशही विचारत नाहीत आणि पक्षकारही नाहीत. फेरफाराचा वाद, गोसेखुर्दच्या भूसंपादनाचा मोबदला, वनहक्काचे दावे, ही आपल्याकडची कामं. सातबारा वाचता आला पाहिजे आणि दावा लिहिता आला पाहिजे. देशाचे सरन्यायाधीश झालेले शरद बोबडे नागपूर विद्यापीठातूनच कायदा शिकले. मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्ममध्ये जायचं असेल तर गोष्ट वेगळी. त्या फर्म राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जाऊन मुलं निवडतात आणि तिथे नावाला किंमत आहे. तेव्हा मुलाला कुठे जायचं आहे, हे आधी घरात बसून बोला.

नाव लहान असलं तरी चालेल. शिकवत नसतील तर मात्र चालणार नाही. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी लागते. "घरी राहून एलएलबी करा" असं सांगणारं कॉलेज तुम्हाला सवलत देत नसतं, तुमचं शिक्षण काढून घेत असतं. आमच्याकडे मूट कोर्टची वही वरच्या वर्गाची पाहून उतरवायची असे. वकिलीची सनद मिळाल्यावर साधा मनाई हुकमाचा अर्ज लिहायला मला भंडाऱ्यातल्या सिनियरांनी बसवून शिकवलं. असे सिनियर सगळ्यांना भेटत नाहीत.

कर्जाचंही बोलते. सनदेनंतरची पहिली वर्षं कोरडी जातात. ज्युनियर वकिलाला महिन्याला खेड्यात 15 हजार आणि शहरात 20 हजार द्यावेत, अशी शिफारस बार काउन्सिलने ऑक्टोबर 2024 मध्ये केली, पण ती शिफारसच आहे. न्यायाधीश व्हायचं असेल तरी 20 मे 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तीन वर्षं वकिली आवश्यक केली. म्हणजे पदवीनंतर लगेच पगार नाही. लाखोंचं कर्ज काढून महागड्या ठिकाणी जाण्यापेक्षा वर्ग नियमित भरणारं, साध्या नावाचं, विनाकर्जाचं कॉलेज मला केव्हाही बरं वाटतं.

बाबासाहेबांनी 1913 मध्ये बडोदा सरकारची शिष्यवृत्ती घेतली, तेव्हा परतून दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार त्यांनी लिहून दिला होता. काय मिळणार आणि काय फेडायचं, दोन्ही कागदावर होतं. ज्या भंडारा जिल्ह्यातून ते 1954 ची लोकसभेची पोटनिवडणूक लढले, तिथल्या मुलांनी तोंडी शब्दावर तीन किंवा पाच वर्षं लावू नयेत.

कॉलेज सवलत देत असेल तर ती लेटरहेडवर, सहीशिक्क्यानिशी मागा. किती वर्षांची, किती टक्क्यांची अट, एक विषय राहिला तर काय, परीक्षा शुल्क आणि इतर शुल्क धरून की वगळून, हे सगळं त्यात लिहिलेलं हवं. ते द्यायला टाळाटाळ झाली तर उठून या. मूळ कागद तपासून झाल्यावर परत घ्या. ते अडवून ठेवायला यूजीसीने 2018 मध्येच मनाई केली आहे. बार काउन्सिलच्या यादीत कॉलेजची मान्यता कोणत्या वर्षापर्यंत आहे ते पाहा. कामाच्या दिवशी न सांगता सकाळी अकराला कॉलेजात जा. वर्ग भरलेत का, ग्रंथालयात 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेची पुस्तकं आहेत का, हे पाहा आणि शेवटच्या वर्षाच्या एखाद्या मुलाशी बाजूला घेऊन बोला.

आणि जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज निकालाची वाट न पाहता बारावीत असतानाच जिल्हा पडताळणी समितीकडे टाका. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर हातात ठेवा. हे कागद वेळेवर नसल्यामुळेच आपली मुलं कॅप सोडून थेट प्रवेशाकडे वळतात. तरीही शंका राहिली तर सही करण्याआधी कोर्टात येऊन भेटा, या सल्ल्याची मी फी घेत नाही.