गुलाबाचं तेल थेंबाने, गुलाबपाणी सढळ हाताने

पोरी, बडोद्याजवळ वाघोडियाला बिऱ्हाड केलंस, जावईबापू जीआयडीसीतल्या कारखान्यात शिफ्टवर जातात, दिवसा त्यांचा डोळा लागत नाही आणि महिन्याच्या त्या दोन दिवसांत तुझं पोट दुखतं. गुलाबाचं तेल आणू का, असं विचारलंस. आण. पण आणण्याआधी आत्याचं थोडं ऐकून ठेव. या तेलाच्या नावाखाली भलतंच काही विकणारे फार आहेत.

सगळ्यात आधी हिशेब. तेल निघतं ते चैती गुलाबाचं, म्हणजे दमास्क जातीच्या गुलाबाचं. पॉलिहाऊसमधल्या लांब दांडीच्या गुलाबात वास नावाला आणि तेल त्याहून कमी. आपल्या देशात हा गुलाब कन्नौज, हाथरस-अलीगढकडे आणि राजस्थानात पुष्कर, हल्दीघाटीला होतो. बाहेर बल्गेरियातलं कझानलूक आणि तुर्कस्तानातलं इस्पार्टा ही त्याची मोठी गावं. पहाटे, उन्हाआधी फुलं खुडतात, कारण ऊन चढलं की पाकळीतलं तेल उडायला लागतं. एवढं करून 1 किलो तेलाला साडेतीन-चार टन फुलं लागतात. म्हणजे तुझ्या बोटावर पडलेल्या एका थेंबामागे जवळपास दीडशे ग्रॅम पाकळ्या. पाकळ्यांचा भाव किलोला 100 रुपये धरला तरी 10 मिली तेलाच्या नुसत्या पाकळ्याच तीन हजारांच्या वर जातात. मग दोनशे रुपयांत 10 मिली ‘शुद्ध गुलाब तेल’ कोण कसं देणार? ती बाटली अगरबत्तीच्या कामाची. अंगाला लावायची नाही.

खऱ्याची ओळख सांगते. ऊर्ध्वपातन करून काढलेलं तेल फिकट पिवळं असतं आणि त्यात मेणासारखा अंश असतो. बाटली फ्रिजमध्ये ठेवलीस की थंडीत तूप थिजावं तसं ते थिजतं, आत बारीक सुया दिसतात, आणि तळहातात धरलीस की पुन्हा पातळ होतं. थिजलं म्हणजे बिघडलं असं समजून टाकून देऊ नकोस. मात्र भेसळ करणारेही मेण घालू शकतात, म्हणून फ्रिजमधल्या परीक्षेला पहिली चाळणी म्हण, शेवटचा निकाल नव्हे. निकाल लागतो तो त्या बॅचच्या जीसी-एमएस अहवालावर, म्हणजे तेलात कोणती द्रव्यं किती आहेत हे दाखवणाऱ्या प्रयोगशाळेच्या तपासणीवर. चांगला विक्रेता तो मागितल्यावर दाखवतो.

लालसर, दाट, फार गोड वासाचं मिळालं तर ते बहुधा ॲब्सोल्यूट असेल, म्हणजे द्रावकाने काढलेलं. सुवासाला सुंदर, पण चोळण्यासाठी मी ते घेत नाही. अत्तराचं आणखी वेगळं. कन्नौजला तांब्याच्या देगेत फुलं चढवतात, वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते आणि तिथल्या चंदनतेलात मुरते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी चैत्राच्या हळदीकुंकवाला पालथ्या हाताला लावायचे ते हे. आता चंदन महाग झालं, त्यामुळे पुष्कळ अत्तरांत त्याच्या जागी पॅराफिन नाहीतर दुसरं रसायन असतं. अत्तर कपड्याला लाव, मनगटाला लाव, पण पोटावर चोळायचं तेल म्हणून ते वापरू नकोस.

आणि भेसळीची गोष्ट निघाली म्हणून आपल्या खानदेशाचं सांगते. धुळे-नंदुरबारच्या रानात रोशा गवत उगवतं. त्याच्या तेलात जिरॅनिऑल भरपूर, आणि गुलाबाच्या वासातही तेच एक मुख्य द्रव्य. म्हणून खानदेशातलं रोशेल, म्हणजे हेच रोशाचं तेल, एके काळी मुंबईहून जहाजाने तुर्कस्तानात जायचं आणि तिथे गुलाबाच्या तेलात मिसळलं जायचं. युरोपात त्याला ‘तुर्की जिरॅनियम’ म्हणायचे, गवत मात्र आपलं. मला या तेलाचा अभिमान आहे. ते स्वस्त आहे, अंगाला बरं आहे, साबणात, पायाला चोळायच्या तेलात उत्तम चालतं. गुलाबाचा खर्च झेपत नसेल तेव्हा रोशा घे, पण रोशा म्हणून, रोशाच्या भावाने.

आता वापर. बाटलीतलं तेल तसंच्या तसं अंगाला कधीच लावायचं नाही. 10 मिली तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात 1 थेंब, बास. दोन चमचे तेल म्हणजे 10 मिली होतं. या तेलात मिथाइल युजेनॉल नावाचा घटक थोडा असतो, म्हणून प्रमाण वाढवू नये असं जाणकार सांगतात. आणि वासालाही एक थेंब पुरतो. तिळाचं तेल कच्च्या तिळाचं, घाण्याचं घे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला तिळाएवढं लावून दिवसभर बघ. खाज किंवा लाली आली तर नाद सोड.

पोटासाठी हेच तेल कोमट हातांनी बेंबीखाली, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, हलकेच दहा मिनिटं चोळ. इराण आणि तुर्कस्तानात यावर छोटे अभ्यास झालेत आणि दुखणं कमी झाल्याचं त्यांत आढळलंय. पुरावा अजून थोडाच आहे, पण निम्मं काम मालिश आणि ऊब करते, हे मी वर्षानुवर्षं बायकांच्या बाबतीत बघत आले. दुखणं दर महिन्याला वाढत असेल किंवा अंगावरून फार जात असेल तर बाटली बाजूला ठेव आणि डॉक्टरीणबाईंना दाखव.

जावईबापूंच्या झोपेसाठी चोळण्याचीही गरज नाही. कापसाच्या बोळ्यावर एक थेंब टाक, वाटीत ठेव, वाटी उशीपासून हातभर लांब. पंधरा-वीस मिनिटांनी उचलून झाकणाच्या डबीत घाल. तोच बोळा दुसऱ्या दिवशी चालतो. तासन्‌तास यंत्रातून वास सोडत बसलं की डोकं जड होतं, आणि नाकाला सवय होऊन गुणही कळेनासा होतो. खिडकीला जाड पडदा लाव, मोबाईल बाहेर ठेवायला सांग. मन शांत करायला गंधाची मदत होते, पण उजेड आणि गोंगाट तसाच ठेवून नुसत्या वासाने झोप यायची नाही.

खरं सांगू? घरातल्या दहांतल्या नऊ कामांना गुलाबपाणीच लागतं. ताज्या फुलाच्या वासाचा मोठा भाग ज्या द्रव्याचा असतो, ते पाण्यात विरघळतं आणि ऊर्ध्वपातनात पाण्यातच राहून जातं. म्हणून गुलाबपाण्याचा वास तेलापेक्षा फुलाच्या जवळचा. आणि ते तुला घरी करता येतं. बडोद्यात खंडेराव मार्केटच्या फुलबाजारात देशी गुलाब मिळतो, पण हारासाठी आणलेल्या फुलांवर फवारणी असते. वाघोडियाच्या आसपास ओळखीच्या शेतकऱ्याकडे न फवारलेली फुलं मिळाली तर तीच घे, सकाळची.

स्टीलचं खोल पातेलं घे. मधोमध एक स्टँड, त्यावर रिकामी वाटी. भोवती पाकळ्या, त्या जेमतेम बुडतील एवढं पाणी, पाणी वाटीच्या काठाच्या बरंच खाली. झाकण उलटं ठेव, म्हणजे मुठीची बाजू आत वाटीवर येईल, आणि वरच्या खोलगट भागात बर्फ. गॅस अगदी मंद. वाफ झाकणाला लागून मुठीवरून थेंब थेंब वाटीत पडते. बर्फ वितळला की पाणी काढून नवा घाल. दर दहा मिनिटांनी थेंब चमच्यावर घेऊन हुंग. आधी फुलाचा वास येतो; उकडलेल्या पाल्यासारखा यायला लागला की तिथेच गॅस बंद. लोभाने आणखी पाणी काढलंस तर आधीचंही बिघडेल. उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत भर, फ्रिजमध्ये ठेव, दोन आठवड्यांत संपव. मेमधल्या वाघोडियाच्या उन्हातून आल्यावर मानेवर, मनगटावर शिंपड. दिवाळीचं उटणं याच पाण्यात कालव आणि अभ्यंगाच्या तिळतेलात त्या दिवशी थेंबभर गुलाबाचं तेल घाल, 10 मिलीला एक याच मापाने.

डोळ्यांत मात्र घरचं किंवा दुकानातलं कुठलंच गुलाबपाणी घालायचं नाही. डोळे आले की थेंब घालायची जुनी रीत आहे, पण ते पाणी निर्जंतुक नसतं. श्रीखंडात, दुधात, सरबतात खाण्याचं गुलाबपाणी किंवा गुलकंद. तेलाचा थेंब नको. तान्ह्या बाळाच्या जवळ हे तेल नेऊ नकोस. दिवस राहिले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नकोस. घरात कुणाला दमा असेल तर वाटीसुद्धा ठेवायची नाही. आंघोळीच्या बादलीत थेंब सोडलास तर तो वर तरंगतो आणि नेमका कातडीला चिकटतो, तेव्हा तेही नको.

बाटली गडद काचेची, बूच घट्ट, फ्रिजच्या दारात नव्हे, आतल्या कप्प्यात. रबराचं ड्रॉपर तिच्यावर कायमचं लावून ठेवू नकोस, तेल रबर खातं. पहिल्यांदा 1 मिलीचीच घे, तुम्हा दोघांना ती कितीतरी दिवस पुरेल. बिलावर बॅच नंबर लिहून घे आणि अहवाल दाखवायला दुकानदार कां-कू करायला लागला तर तशीच परत ये. यंदा गुलाबपाण्यावर भागेल.