लग्नपत्रिकेची एपीके

चि. ओंकार,


तुझ्या फाइल-शेअरिंगच्या साइटवर कुणीतरी ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके चढवली आणि तिची लिंक व्हॉट्सॲपवर फिरली, हे ताईकडून कळलं. पत्रिका म्हणजे पीडीएफ नाहीतर फोटो. एपीके म्हणजे ॲप. असलं ॲप मोबाइलमध्ये शिरलं की एसएमएस वाचतं, ओटीपी पळवतं आणि बँकेतलं खातं साफ होतं. तू फाइल काढलीस, बरं केलंस. पण नाव बदलून तीच उद्या परत येईल. म्हणून काढलेल्या फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा ठसा, जपून ठेव आणि अपलोड होतानाच ताडून बघ. आत एक बाइट बदलला तरी हॅश बदलतो, तेव्हा एवढ्यावरच विसंबू नकोस. आणि मला सांग, तुझ्याकडे येणार कॉलेजच्या नोट्स. तिथे एपीके नि ईएक्सई घ्यायच्याच कशाला?

‘माझ्या एवढ्याशा साइटकडे कोण फिरकणार?’ असं तू म्हणालास म्हणे. अरे, एवढीशी म्हणूनच फिरकतात! तपासायला तू एकटा, तोही परीक्षेच्या दिवसांत. तसे मोठेही सुटलेले नाहीत. मोझिलानं 2019 मध्ये फायरफॉक्स सेंड ही फाइल पाठवायची सेवा काढली. फाइल ब्राउझरमध्येच कुलूपबंद व्हायची, आत काय आहे ते मोझिलालाही दिसत नसे. मालवेअरवाल्यांचं फावलं. जुलै 2020 मध्ये सेवा थांबवावी लागली. तक्रारीचं बटण आणू, लॉगिन सक्तीचं करू असं ठरलं, पण सप्टेंबरात गाशाच गुंडाळला. निनावी फाइली ठेवून घेणाऱ्या ॲनॉनफाइल्सवाल्यांनीही 2023 मध्ये गैरवापरापुढे हात टेकले.

माझं स्पष्ट मत सांगते. फुकट, निनावी आणि कायमचं, ही तिन्ही सुखं एकाच वेळी कुणाला देऊ नकोस. पैसे तू घेणार नाहीस, ते मला ठाऊक आहे. मग निदान ईमेलची खातरजमा करून घे आणि लिंक आठवड्याभरात मरू दे. मुलं कुरकुरतील. कुरकुरू देत.

लोकांनी टाकलेल्या मजकुराच्या जबाबदारीतून तुझ्यासारख्या मध्यस्थाला सूट देणाऱ्या आयटी कायद्याच्या कलम 79 चा आधार घेऊन तू निर्धास्त झालेला दिसतोस. 2015 च्या श्रेया सिंघल निकालानं त्या कलमाखाली मध्यस्थाला ‘माहीत होतं’ याचा अर्थ न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी सूचना असा लावला, हे खरं. पण होस्टिंगवाला न्यायालयाची वाट बघत बसत नाही. तक्रारीच्या मेलला उत्तर गेलं नाही तर तो सर्व्हरच बंद करतो. तेव्हा तक्रारींची मेल रोज उघडायची. शिवाय आयटी नियमांप्रमाणे तक्रार अधिकारी म्हणून तुझं नाव आणि पत्ता साइटवर दिसला पाहिजे. काढलेल्या मजकुराच्या नोंदी 180 दिवस ठेवायच्या. बाकीच्या मुदती सरकार बदलत असतं, तेव्हा नियमांची ताजी प्रत वाच.

एका बाबतीत मात्र डोकं चालवायचं नाही. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचं काही आलं, तर खात्री करायला म्हणून मित्राला पाठवणं हासुद्धा गुन्हा आहे. लिंक ताबडतोब बंद कर, सर्व्हरवरच्या नोंदींना हात लावू नकोस आणि त्याच दिवशी पोलिसांत कळव. पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे. एकट्यानं जायचं नाही, वकील बरोबर हवा. भावजींच्या ओळखीचे आहेत, त्यांच्याशी आधीच बोलून ठेव.

आणि लोकांच्या फाइलींसाठी वेगळं डोमेन घे. गूगलनं धोक्याची लाल पाटी लावलीच तर निदान तुझी मुख्य साइट वाचेल. हे काम परीक्षेनंतर नाही, या रविवारीच.

तुझी,
मावशी